चिमणीचं बाळसं

आमच्या शिलाईच्या कारखान्यात तिला सगळे काजवाली म्हणत. शर्टांची काजं करणं हे तिचं काम, आणि जीभ तिच्या कात्रीहून धारदार. बटण काय कुणीही लावेल, पण काज एकदा कापलं की कापलं, असं ती सुपरवायझरलासुद्धा सुनवायची. मी तिच्या शेजारच्या मशीनवर बसते, म्हणून पुढचं सगळं जवळून पाहिलं.

नवरा कधीच सोडून गेलेला. आपलं म्हणावं असं एकच माणूस, तिची मुलगी चिमणी. पोर काडीसारखी. डोक्यात कोंड्याचे जाड पापुद्रे, कोपरांवर आणि गुडघ्यांवर लाल, खवले धरलेले चट्टे. नखांवर बारीक खड्डे दिसले, तेव्हा "माझ्या सुयांशी खेळतेस," म्हणून काजवालीने तिलाच धपाटा घातला होता. शाळेत पोरी तिच्याशेजारी बसेनात, ते मात्र आईला फार लागलं.

मग मेडिकलवाल्याने गोळ्या दिल्या. कसल्या म्हणून विचारलं, तर म्हणाला, ताकदीच्या. तो आजही समोर आला तर मी त्याला सोडणार नाही. पण तेव्हा आम्ही त्याला दुवा दिला, कारण चट्टे गेले, पोर खायला लागली, गाल वर आले. जो तो म्हणे, चिमणीने बाळसं धरलं. काजवाली हरखली. स्टुडिओत नेऊन पोरीचा फोटो काढून आणला. गोळ्या चालूच ठेवल्या.

पुढे चिमणीचा घसा सुजला, ताप चढला. दवाखान्यातून अँटिबायोटिक मिळालं. तापात पोटावर आणखी भार नको म्हणून काजवालीने ताकदीच्या गोळ्या एकदम बंद केल्या. कुठलीही आई हेच करेल. थोड्याच दिवसांत पोरीचं अंग लालबुंद झालं आणि त्यावर पुवाने भरलेले बारीक फोड दाटून आले.

हॉस्पिटलमधल्या तरुण डॉक्टरने विचारलं, आणखी कुठलं औषध चालू होतं का?

"नाही हो. औषधाचं नाव नाही आमच्या घरात."

ती खोटं बोलली नाही. औषध आजारी माणूस घेतो. ताकदीची गोळी तिच्या लेखी दुधातल्या साखरेसारखी होती.

मग ही अँटिबायोटिकचीच रिअ‍ॅक्शन, थांबवलं की उतरेल, असं डॉक्टर म्हणाला. थांबवलं, वाट पाहिली. उतरलं नाही. फोड एकमेकांत मिसळले, कातडी सुटू लागली. पोर पांघरुणातही कुडकुडत होती.

शेवटी त्वचेच्या मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी डोकं पाहिलं, नखं पाहिली, मग चेहऱ्याकडे बघत राहिल्या. पोर पहिल्यापासून एवढी गुबगुबीत आहे का, असं त्यांनी विचारलं.

"छे, ताकदीच्या गोळीनं बाळसं धरलं तिनं," काजवाली म्हणाली. अजूनही कौतुकानेच.

बाईंनी गोळ्यांचं पाकीट मागितलं. मी धावत जाऊन आणलं. ते स्टेरॉइड होतं. बाईंनी समजावून सांगितलं, की औषधाने उठलेलं पुरळ सहसा औषध थांबलं की ओसरतं. हा आधीपासूनचा सोरायसिस, त्या जुन्या चट्ट्यांचाच आजार. गोळ्यांनी तो नुसता दाबून ठेवला होता. त्या एकदम थांबल्या आणि तो उसळला.

"आणि हे गाल?" काजवालीने विचारलं.

"तेही गोळीनंच. ते बाळसं नव्हतं, बाई."

उपचार बदलले, पण तोवर जंतू रक्तात उतरले होते. चिमणी गेली.

काजवाली कामावर येते. काजं पूर्वीसारखीच चोख, बोलणं मात्र आटलं. घरात भिंतीवर तो स्टुडिओतला फोटो आहे, कारण पोरीचा दुसरा फोटोच नाही. येणारं माणूस तो बघून म्हणतं, काय गोड बाळसं होतं हो. ती पाणी पुढे करते.

परवा मी गेले, तर ती फोटोसमोरच बसली होती.

"हे गाल तिचे नव्हेत," ती म्हणाली. "आणि तिचे कसे होते, ते मला आठवेना झालंय गं."