शिंगाळ्याचा काटा

हॉस्पिटलचा कचरा न्यायला रोज सकाळी गाडी येते. किस्से मात्र कुणीच उचलत नाही, ते साचतच जातात! मी नेरूळच्या एका हॉस्पिटलात इन्फेक्शन कंट्रोल सिस्टर आहे. म्हणजे कुणी काय कुठल्या डब्यात टाकलं, यावरून दिवसभर भांडायची नोकरी. नवरा म्हणतो, "घरीही तू तेच करतेस, फक्त युनिफॉर्म नसतो."

*

रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, सलाइनच्या नळ्या लाल पिशवीत, काच निळ्या डब्यात, सुया पांढऱ्या जाड डब्यात. खारघरच्या एका पेशंटच्या मुलाने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि केळ्याची साल लाल पिशवीत टाकली.

"अहो, ती नळ्यांची आहे!"

"मॅडम, आमच्या सोसायटीत ओला आणि सुका, दोनच. त्यावरूनच दर मीटिंगला मारामारी होते. तुमचे चार कोण लक्षात ठेवणार?"

*

इन्स्पेक्शन आलं. आमच्या अॅडमिन साहेबांनी नवे कोरे डबे मागवले, पुसून ओळीत लावले आणि ऑर्डर काढली: तपासणी होईपर्यंत यात कुणीही काही टाकायचं नाही!

इन्स्पेक्टर बाईंनी एकेक झाकण उघडून पाहिलं. "सगळे रिकामे? मग कचरा कुठे जातो?"

साहेब अभिमानाने म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे कचरा होतच नाही!"

*

आमचे मोठे सर, म्हणजे सर्जन. हात सोन्याचा, पण वापरलेली सुई जवळ जी पिशवी असेल तिच्यात. मी टोकलं की म्हणायचे, "सिस्टर, मी सुया टोचायला शिकलोय, टाकायला नाही!"

ट्रेनिंगला बोलावलं तर ज्युनिअरला पाठवायचे. तो सही करायचा, समोसा खायचा आणि सरांच्या वाटणीचाही खायचा.

*

एके दिवशी सरांच्या ओटीतली, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधली, पिवळी पिशवी उचलताना सुई टोचली ती सुमनताईंना. ताई सारसोळ्याच्या कोळीवाड्यातल्या, आमच्याकडे सफाईला. सुई कुठल्या पेशंटची, पत्ता नाही. लगेच औषधं सुरू केली, एचआयव्ही आणि काविळीसाठी रक्त तपासलं. शेवटचा रिपोर्ट काही महिन्यांनी.

तोवर ताईंनी नातीला जवळ घेतलं नाही. "अहो, तसं काही होत नसतं," मी कितीदा सांगितलं. "तुमी सांगता सिस्टर, पन जीव ऐकत नाय," म्हणायच्या. मला सरांचा इतका राग आला होता की मी ट्रेनिंगला ताईंनाच उभं केलं.

"आमच्यात शिंगालं जालीत आलं की पयला त्याचा काटा मोरायचा," त्या म्हणाल्या. शिंगाळा म्हणजे विषारी काट्यांचा मासा, त्याचा काटा आधी मोडायचा. "ज्यानं पकरलं त्यानंच. मंग टोपलीत. नायतर निवरनारीचा हात सुजतो. येवढंच हाय!"

माझं तासाभराचं प्रेझेंटेशन मी तिथेच बंद केलं. सर अर्थातच आले नव्हते, ज्युनिअर होता.

*

सर मूळचे साताऱ्याचे, पण इथे येऊन मासे खायला लागले आणि सुटलेच. ताईंच्या घरची होडी, त्यामुळे शनिवारी ताई त्यांना साफ केलेली मासळी आणून द्यायच्या. सुई टोचल्यापासून ते बंद होतं.

परवा शनिवारी ताईंचा शेवटचा रिपोर्ट आला. क्लिअर! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. ताई म्हणाल्या, "चला, साहेबांना मासळी देऊ."

ओपीडी संपली होती. ताईंनी पिशवी टेबलावर ठेवली. सर खूश होऊन हात घालणार, तोच ताई ओरडल्या, "थांबा! शिंगालं हाय. काटं मोरलं नाय."

"अहो, टोचलं असतं ना मला! मोडून नाही आणायचे?"

"मोरनार होते, साहेब. पन घाई होती. ओटीत तुमाला असते ना, तशी."

 सर उठले, कोपऱ्यातला पांढरा डबा स्वतः उचलून आणला आणि ताईंसमोर ठेवला. ताईंनी जाड ग्लोव्हज घातले आणि एकेक काटा मोडून त्यात टाकला.

माशाचे काटे पांढऱ्या डब्यात टाकायचे नसतात. नियमात बसत नाही.

मी डब्याचं झाकण उघडं धरलं.