नदीकाठचा बैल

माझी चुलत बहीण रुपा मोबाइलवरचे गेम बनवते, हे आमच्या बंजारा तांड्यात कुणाला धड समजावून सांगता येत नाही. आखाडा बाळापूरच्या बाजारात एका दुकानावरची खोली तिनं घेतली आहे, तिथून ती पुण्याच्या एका कंपनीचं काम करते. कंपनीसाठी तिनं स्वतः रचलेला पहिला गेम म्हणजे 'लदेणी'. आमचे पूर्वज करायचे तसं बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूख पार करायचा. तिसरी लेव्हल नदीची, आणि तिच्यावर रुपाचा भारी जीव.

नेमका तिथंच घोळ झाला. चाचणीसाठी तिनं गेम आधी आसपासच्या तांड्यांमध्येच वाटला होता. कोण किती खेळतं, कुठं थांबतं, याची नोंद आपोआप कंपनीकडं जाते. त्या आकड्यांत दिसलं, की लोक नदीपर्यंत येतात, थांबतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. कंपनीच्या साहेबांनी निकाल देऊन टाकला, "नदी अवघड आहे. काढून टाका."

रुपा भडकली आणि घरोघर विचारत फिरली. जो तो एकच म्हणे, "न्हाई ग पोरी, लई भारी केलंस." नेमसिंगमामानं तर चहा पाजून पाठ थोपटली. आमच्या लोकांचं हे असंच. घरच्या लेकीच्या कामात खोट काढतील तर शपथ! भाजीत मीठ नसलं तरी "बराबर झाली" म्हणून हात धुतील. मला राग येतो तो याचाच. रुपानं ती वाहवा खरी मानली आणि साहेबांशी भांडली. ते म्हणाले, "लोक तोंडावर गोडच बोलणार. आकड्यांना कुणाची भीड नसते."

शेवटी ती आमच्या ओसरीवर माझ्या आईशेजारी, म्हणजे पारुबाईशेजारी, नुसती बघत बसली. आई खेळत खेळत झपाझप नदीवर आली. तिथं एक थकलेला बैल मागं सोडला तरच पुढं जाता येतं. आईनं गेम बंद केला आणि पुन्हा पहिल्यापासून लावला.

"काहून काकी? पुढं जा की!"

"बसलेल्या बैलाला टाकून कुठं जाऊ? म्हणून फिरून सुरू करून राहिले. या खेपेला उठंल."

"मग मला सांगितलं का न्हाई?" रुपा ओरडलीच.

"तू एवढ्या हौसेनं केलंस. कसं सांगावं?"

रुपानं तिथूनच साहेबांना फोन लावला. नदी अवघड नाही, लोकांना बैल सोडवत नाही. त्याला विसावा द्यायची सोय करते, थोडी मुदत द्या. साहेबांनी विचारलं, "असं किती जणांनी कळवलंय?" कुणीच कळवलं नव्हतं, आणि आकड्यांत बैल कुठंच नव्हता. नदी गेली.

आता गेम सगळीकडं खुला झालाय. बाहेरगावचे लोक सरळ शेवटापर्यंत जातात, आकडे झकास आहेत, कंपनीनं रुपाचं कौतुकही केलं. परवा तिनं आईला विचारलं, "आता कसा झालाय गेम, काकी?"

"लई भारी," आई म्हणाली.

रुपानं आईचा मोबाइल हातात घेतला. गेम त्यात नव्हताच.