मागचा गिअर

धक्क्यावर बोटी दुरुस्त करणाऱ्या त्या बाईला सगळे ‘पानेवाली वहिनी’ म्हणत. नवरा गेला तेव्हा लोकांना वाटलं, आता ही शेडला कुलूप ठोकणार. तिने नवऱ्याची हत्यारं घासूनपुसून परत खिळ्यांवर टांगली आणि बाह्या सरसावल्या. सुरुवातीला लोक तिच्याकडे बोट द्यायला कचरत. पुढे दुसऱ्याकडे द्यायला कचरू लागले. बाईच्या जिभेला हाड नव्हतं, पण हात सोन्याचा होता.

तिचा धाकटा दीर तलावावर दवाखान्याची बोट चालवायचा. त्या सकाळी त्याने बोट उतारावर ओढून आणली. “वहिनी, पुढचा गिअर पडतो, मागचा मेला. जोर लावला तर दांडाच हातात येईल.”

बोटीच्या पाठीमागे पंख्याचं धूड असतं, त्याला हे लोक ड्राइव्ह म्हणतात. इंजिन आत, ड्राइव्ह बाहेर, आणि दोघांमधून जाते गिअरची केबल. वहिनीने ड्राइव्ह उतरवला. केबलमध्ये पाणी शिरून ती आतून गंजली होती. नवी केबल शेडमध्ये होती. फक्त जुन्या केबलचा नट सुटायचा बाकी होता, आणि तो जागचा हलायला तयार नव्हता.

एवढ्यात दिराचा फोन वाजला. त्याची बायको दिवस भरत आले म्हणून पलीकडच्या काठावर आईकडे गेली होती. बोलत होती सुईण. कळा सुरू झाल्या होत्या, बाळ पायाळू होतं, इकडच्या दवाखान्यात लगेच आणायला हवं होतं. वल्ह्यांच्या होडीने यायचं तर निम्मा दिवस जाणार.

दीर पांढराफटक पडला. “वहिनी, ड्राइव्ह परत लावा. जुन्याच केबलवर जातो. पुढचा गिअर पडतोय ना? पुरे!”

“आणि थांबशील कशाने?”

“इंजिन बंद करीन!”

“बंद केलं म्हणून बोट जागेवर उभी राहत नाही. तिथे काठाला खडक आहेत. आणि येताना बोटीत अडलेली बाई.”

“तिचं काही बरंवाईट झालं, तर जन्मात तुमचं तोंड बघणार नाही!”

“नको बघूस. तो दिवा धर.”

तोंडाने असं बोलली खरी, पण मनात एकच प्रश्न होता. नट नाहीच सुटला तर? गेलेला वेळ कुणी परत देणार नव्हतं. जाऊ तिला धाकट्या बहिणीसारखी होती.

या कामाला लागतं ते लांब सॉकेट, म्हणजे नटावर बसणारा नळीसारखा पाना, एका बाजूला उभी चीर असलेला. केबल चिरेत राहते आणि सॉकेट नटावर बसतं. तिने ते बसवून जोर लावला, तशी चीरच फाकायला लागली. सॉकेट नटावरून घसरलं आणि तिची बोटं सोलवटली. ज्योतीने नट तापवावा, तर शेजारीच रबराच्या नळ्या. दीर मागे येरझारा घालत होता. “झालं का? झालं का?”

“तू विचारलंस की नट घाबरतो,” ती दात आवळून म्हणाली.

पाण्याच्या पाइपला लावतात तो लोखंडी पट्टा तिने उचलला, सॉकेटभोवती गुंडाळला आणि पिळून आवळला. चीर मिटली. नटावर तेल सोडलं, हातोडीने हलके ठोके दिले, मग पान्याच्या दांड्यावर अख्खं अंग टाकलं. काहीच नाही. परत टाकलं. कर्र झालं. काय मोडलं या भीतीने तिने डोळे मिटून घेतले.

नट फिरला होता.

पुढचं काम दोघांनी झपाट्याने उरकलं. नवी केबल ओवली, ड्राइव्ह चढवला, बोट पाण्यात लोटली. पुढे, मोकळा, मागे. सगळे गिअर पडले. दीर मागे वळूनही न बघता सुसाट निघून गेला. मग कुठे वहिनीने सोलवटलेल्या बोटांना फडकं बांधलं.

त्या दुपारी ऑपरेशन करून मुलगी झाली. जावेला रक्त द्यावं लागलं, बरेच दिवस ती अंथरुणातच होती. पण दोघी वाचल्या. दीर मात्र वहिनीशी बोलेना. दिसली की रस्ता बदलायचा. तिनेही मनातलं गिळलं.

पोर मान धरू लागल्यावर जाऊ तिला घेऊन शेडमध्ये आली. म्हणाली, “त्या दिवशी वेळ वाचावा म्हणून आमची माणसं मला खाटेवर घालून कमरेइतक्या पाण्यात उतरली होती. हे वेड्यासारखे वेगात आले. आम्ही समोरच! यांनी मागचा गिअर टाकला. बोट खाटेपासून हातभर अंतरावर थांबली.”

वहिनीने हातातला पाना खाली ठेवला. “हे त्याने सांगितलं तुला?”

“ते कशाला सांगतायत? खाटेवर मीच होते ना!”

दुसऱ्या दिवशी दीर आला. दारातच उभा राहिला.

“इंजिनाचं तेल बदलायचंय,” तो जमिनीकडे बघत म्हणाला.

“बदलू. आत ये आधी. किती वाळलायस, जेवतोस की नाही?”