सीलबंद ज्वारी

बियाण्याच्या दुकानात एक आजी ज्वारीचं सीलबंद पाकीट कानाशी हलवत होत्या. "फोडा की. दाताखाली धरून बघते."

"मावशी, फोडलं की घ्यावंच लागतं," दुकानदार हसला.

आजींनी पाकीट ठेवून दिलं. मी पिशवी उगाच या हातातून त्या हातात घेत राहिलो. ही ज्वारी आमच्या सरकारी संशोधन केंद्रातली. ती विकायचा कंपनीशी करार झाला तेव्हा कागद मीच भरले. मूळ बी गिरजाबाई नावाच्या शेतकरी बाईंचं, दाणान् दाणा दाताखाली पारखलेलं. माझ्यासमोर बियाण्याची ओंजळ रिकामी करताना त्या म्हणाल्या होत्या, "नाव तेवढं लावा माझं." करारात मी लिहिलं, 'स्थानिक वाण'.

कंपनीला नाव नको होतं, असं आजवर सांगत आलो. कंपनीने विचारलंही नव्हतं. नावाबरोबर गिरजाबाईंची संमती आणावी लागली असती, आणि मला घाई होती.