झाडांवरच्या नारिंगी फुल्या

पुण्यात कॉलेजात असताना मी इतके किल्ले चढले आहे, की रस्ता चुकणं हा प्रकार इतर लोकांसाठी असतो असं माझं ठाम मत होतं. सह्याद्रीत सोपं असतं. आधी गेलेल्यांनी दगडांवर, झाडांवर रंगाच्या खुणा करून ठेवलेल्या असतात. त्या बघत चालायचं, नाहीच दिसल्या तर गुरं राखणाऱ्या एखाद्या मामांना विचारायचं.

गेल्या वर्षी हेच ज्ञान मी ब्रिस्बेनच्या उत्तरेला, पाइनच्या जंगलात पाजळलं. लेक तेव्हा तेरा वर्षांची. तिला मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "तो मॅप-बिप ठेव आत. हे बघ, झाडांवर नारिंगी फुल्या आहेत की!" फुल्यांमागे आम्ही तीन तास भटकलो. लागवडीचं जंगल ते, सगळी झाडं सारखी आणि रांगा काही संपत नाहीत. शेवटी एक ट्रकवाला भेटला. त्याने फुल्यांचं ऐकलं आणि तो पोट धरून हसला. ज्या झाडावर फुली, ते तोडायचं, एवढाच त्याचा अर्थ होता. अगं बाई गं! मी पोरीला तोडणीच्या यादीवरून फिरवत होते.

त्या दिवशी तिच्या जिवलग मैत्रिणीची बर्थडे पार्टी बुडाली. गाडीत ती एकच वाक्य बोलली, "आय ॲम नेव्हर वॉकिंग विथ यू अगेन." आणि पाळलंनही. वर्षभर मी एकटीच चालायला जायचे. नवरा मला 'फुलीबाई' म्हणायला लागला. हसायचे मी, पण लागायचं मनाला.

यंदा शाळेच्या कॅम्पमध्ये तिला एका ग्रुपची लीडर केलं. त्याआधी घरच्या मोठ्या माणसाबरोबर एक प्रॅक्टिस वॉक हवा होता. नवऱ्याची कंबर धरलेली, म्हणजे उरले मीच. तिने अट घातली, "मी लीड करणार. रस्त्याबद्दल तू एक वर्डही बोलायचा नाही. प्रॉमिस?" प्रॉमिस म्हटलं खरं, पण मला माहीत होतं, आज जीभ घसरली तर ही पुन्हा कधी माझ्याबरोबर यायची नाही.

वाट गोल फिरून पुन्हा गाडीशीच येणारी. सुरुवातीला दलदल. फळ्यांच्या पुलावरून वाट, दोन्हीकडे कागदासारखी साल सुटलेली पेपरबार्कची झाडं आणि खाली कोऱ्या चहासारखं पाणी. ती पुढे, गळ्यात प्लास्टिकमध्ये घातलेला नकाशा. मी मागे, पाठीवर तिखटमिठाच्या पुऱ्या. दलदल संपून पाइन लागले आणि तासाभराने वाट फुटली. उजवीकडची रुंद, कोरडी, छान. डावीकडची पाण्यात बुडालेली. माझे पाय आपसूक उजवीकडे वळले.

तिने नकाशा फिरवला, सूर्याकडे बघितलं आणि म्हणाली, "लेफ्ट."

लेफ्ट? डोळे फुटले का हिचे? शब्द अगदी ओठांवर आले. मी झटकन एक अख्खी पुरी तोंडात कोंबली.

पाणी आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. काठीने खोली बघत ती पुढे जात होती. माझ्या पोटरीला जळू चिकटली, तिलाही मी बोलले नाही. मध्येच ती थांबली. वळली तेव्हा चेहरा उतरलेला होता. "आई, बरोबर चाललोय ना आपण?"

आता मात्र सांगायची सोय होती, तिनेच विचारलं होतं! पण खरं सांगू? मला माहीतच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा ते मी तोंडाने कबूल केलं. "मला नाही गं माहीत. नकाशा तुला कळतो. तू म्हणशील तिकडे येते मी."

तिने नकाशावर बोट फिरवत वाट पुन्हा एकदा तपासली. मग काठी टेकत त्याच वाटेने पुढे निघाली.

पाच-सात मिनिटं गेली असतील. झाडीतून वाटेचा पिवळा खांब दिसला, त्यावर बाण, आणि मागे आमची गाडी! तिने किंकाळी फोडली. मी तर असली आरोळी ठोकली की काकाकुवांचा थवाच्या थवा उडाला. चिखलाने माखलेल्या त्या पोरीला मी कडकडून मिठी मारली. जिंकली होती माझी बाय, निव्वळ स्वतःच्या डोक्याने! एवढी खूश मी कुठल्याही किल्ल्यावर झाले नव्हते.

गाडीशी बसून तिने उरलेल्या पुऱ्या फस्त केल्या. बुटातलं पाणी ओतता ओतता म्हणाली, "नेक्स्ट सॅटरडे तू लीड कर."

मी लगेच मान डोलावली.

"पण मॅप बघून हं," असं म्हणत तिने नकाशा गळ्यातून काढला आणि माझ्या गळ्यात घातला.