पाठमोरी फौज

आधी नाव सांगतो, काय झालं ते मागाहून. फौजी आक्का, बेळगावातल्या वडगावची. सैन्यात तिच्या घरातलं कुणीच नव्हतं. पण जिच्या घरात केव्हाही डोकावलं तरी शे-दोनशे शिपाई रांगेत उभे, तिला गल्ली दुसरं काय म्हणणार? शिपाई बोटभर उंचीचे, धातूचे. टेबलावर फौजा मांडून, फासे टाकून लढायचा एक खेळ असतो, त्यातले. बेंगळूरचे शौकीन लोक ते कोरे पाठवायचे आणि आक्का रंगवून द्यायची.

मी परभणीकडचा. आठवीत शाळा सुटली. घरं रंगवणाऱ्यांच्या टोळीबरोबर बेळगावात आलो, टोळी पुढं गेली, मी राहिलो. तिच्या शेजारचं दार रंगवत होतो तेव्हा आक्का मागं येऊन उभी राहिली. म्हणाली, "हात थरथरतोय, पर रेघ सरळ जातीया. आत ये."

तिच्या कामाच्या खोलीत फरशीवर खडूची एक रेघ होती, टेबलापासून दोन हात लांब. रंगवलेला शिपाई बघायचा तर त्या रेघेवरूनच, असा नियम. मी मात्र एकेकाला नाकाजवळ धरून भुवया काढत बसायचो. चुकलं तर आक्का कामावरून काढेल, ही धास्ती.

"पोरगी बघाय आलास काय रं?" आक्का ओरडायची. "रेघंवर जा. तिथनं भुवई दिसली तर काढ."

तिथून भुवई दिसायची नाही.

"मग? एकेक शिपाई बघत बसलास तर म्हातारा हुशील. फौज बघ, फौज!"

तिची रीतच झपाट्याची. कापड विणायच्या जुन्या मागाच्या लाकडी पट्ट्यांवर शिपाई ओळीनं चिकटवायचे. सगळ्यांवर काळा फवारा. मग चंदेरी रंगात बुडवलेला ब्रश आधी चिंधीला पुसायचा आणि उरलासुरला रंग चिलखतांवरून झरझर फिरवायचा. उंचवटे चमकायचे, खाचा काळ्याच राहायच्या. "रंग लावू नको, नुसता दाखव," म्हणायची. एक रंग साऱ्या फौजेला लागल्याशिवाय दुसरी डबी उघडायची नाही. पलीकडच्या खोलीत तिच्या दिराचे माग चालत. त्या खटखटीच्या तालावर आमचे हात चालत आणि माग थांबले की हातही आपोआप थांबत.

दिराचा आमच्या खोलीवर डोळा होता. सूत ठेवायला जागा हवी होती. "वैनी, ह्यो भावल्यांचा खेळ अजून किती दिवस?" असं येता-जाता टोचायचा. तेवढ्यात मोठी फौज आली. नखशिखान्त चिलखत घातलेले शिपाई, सगळे चंदेरी. फौजेचा बेंगळूरचा मालक ती खेळाच्या स्पर्धेला नेणार होता आणि रविवारी स्वतः घ्यायला येणार होता. आक्कानं दिराला सांगून टाकलं, "ही फौज येळंत गेली तर खोली माझी. न्हाय गेली तर तुमचं सूत आत."

खोली गेली असती तर मी परभणीच्या गाडीत बसलो असतो. घरी तर कायमचं काम लागलं म्हणून सांगून बसलो होतो.

शनिवारी सकाळी फौज टेबलावर उभी राहिली. छात्या झळकत होत्या, ढालींवर निळे पट्टे. पाठी मात्र काळ्याच ठेवल्या होत्या. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडतात तेही बघणाऱ्याकडे तोंड करून. त्यांची पाठ कोण रंगवतो?

रेघेवर उभी राहून आक्का खुशीत म्हणाली, "आपली फौज पळत न्हाय. मग पाठ दिसतीया कुणाला?"

मी हसलो आणि हसता हसता थबकलो. भीत भीत विचारलं, "आक्का, खेळणारा कुठं उभा राहतो?"

"फौजेच्या मागं," ती म्हणाली. मग कपाळावर हात मारला. "अगं बाई! खेळणारा म्हंजे राजा, त्यो मागंच असतोय की रं! त्यानं काय दिवसभर काळी पाठ बघायची?"

मला वाटलं, संपलं. पण ती हसायलाच लागली. "बेगा, बेगा!" अशी कन्नडमध्ये घाई लावत तिनं पट्ट्या भराभर उलट्या फिरवल्या. त्या दिवशी मी एकाही शिपायाकडे बघितलं नाही. पाठींवरून माझा चंदेरी ब्रश पळत होता आणि एका रंगाचा नियम मोडून मागोमाग झग्यांवर आक्काचा निळा रंग. दुपारी जेवणासाठी माग थांबले आणि आमचे हात अडखळले.

आक्कानं भिंतीवर थापा मारल्या. "भाऊजी, माग चालू करा! फौज थांबलीया!"

दीर तणतणत आला, नकळत रेघेवरच उभा राहिला. टेबलावरची फौज बघत राहिला. मग परत गेला आणि ऐन जेवणाच्या वेळी माग सुरू झाले. नंतर पट्ट्या उन्हात वाळत घालायलाही तोच धावला.

रविवारी मालक आला. रेघेकडे त्यानं ढुंकूनही बघितलं नाही. थेट टेबलाला वळसा घालून फौजेच्या मागं गेला आणि वाकला. समोर चंदेरी पाठी, त्यांवर निळे झगे.  मग कन्नडमध्ये एवढंच म्हणाला, "ह्या फौजेमागं उभं राहायला मजा येईल."

"ह्या पोरानं इचारलं म्हणून," आक्कानं माझ्याकडे बोट दाखवलं. आणि दाराकडे वळून, "भाऊजी, सूत दुसरीकडं हं!"

"लई झालं, वैनी," दीर म्हणाला, पण हसत.

त्याच मालकानं पुढं मला फौजा रंगवायला बेंगळूरला बोलावलं. आक्कानंच गाडीत बसवलं. म्हणाली, "जा रं. कुणालाबी नाकाजवळ धरून बघू नको." घर आता आणखी लांब पडलं. धास्ती अजून जात नाही, पण माझ्या टेबलासमोरही खडूची रेघ आहे आणि मी पाठी आधी रंगवतो.

आयुष्यभर फौजा रंगवणाऱ्या आक्कानं तो खेळ कधीच बघितलेला नाही. एक दिवस तिला इथं आणणार आहे. रेघेवर नाही उभी करणार. चंदेरी फौजेच्या मागं, राजाच्या जागी उभी करीन आणि फासे तिच्या हातात देईन.