डिझेल वाढलं

विहिरीवर नवं इंजिन बसवायला इंजिनचाचांना बोलावलं, की ते विहिरीकडे न जाता आधी गोठ्यात शिरत. बैलांच्या पाठीवरून हात फिरवत आणि मग विचारत, "आन् मोट कुठं हाय?" चामड्याची मोट खुंटीला टांगलेली दिसली, तिला लावलेलं तेल बोटाला लागलं, तरच त्यांच्या पिशवीतले पाने बाहेर निघत. नाहीतर सायकलवर टांग मारून माणूस चालता होई. येडशीच्या आसपासच्या गावांत इंजिन दुरुस्त करणारे ते एकटेच, म्हणून हा हट्ट सगळे मुकाट सोसत. माझे सासरे, म्हणजे आबा, म्हणत, "डॉक्टरनं औषधाच्या आधी तिरडी बघावी, तसली तऱ्हा हाय ह्यांची."

मराठवाडा नुकताच महाराष्ट्रात आला होता आणि मी नुकतीच सोलापुरातून या घरात आले होते. गावोगाव विहिरींवर डिझेलची इंजिनं फुकफुकायला लागली होती. चाचा मूळचे बार्शीच्या एका कापसाच्या जिनिंगमधले, तिथल्या इंजिनावर हात बसलेला. पायजम्यावर ग्रीसचे डाग आणि कानात अत्तराचा बोळा. ते अंगणात आले की डिझेल आणि हिना असा मिळून जो वास सुटे, तो दुसऱ्या कुणाच्या अंगाला येणं शक्यच नव्हतं. माझ्या सासूबाईंना तो फार आवडे, पण त्या तसं कबूल करत नसत.

इंजिनावर पोट असलेल्या या माणसाला इंजिनाच्या तेलावर मात काडीचा भरवसा नव्हता. "ज्वारी सरली तर पुन्ना पेरता येती. हे तेल कुणी पेरलंय? सरणारच ते." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मग चहाचा कप हातात आला की तेल सरल्यावर काय काय होईल ते रंगवून सांगत. तहसीलदाराची जीप बंद पडेल, तो चालत येईल. चालत आलेल्या माणसाला तहान लागते, म्हणून तो दारात नीट बोलेल. ज्याच्याकडे बैल, त्याला लोक अदबीनं हाक मारतील. लेकी द्यायच्या त्या दिवसाउजेडी पायी माहेरी पोचतील एवढ्याच अंतरावर. माझ्याकडे बघून म्हणत, "तू तर मग इथं आलीच नसतीस, बेटी. आमची पंचाईत झाली असती." आबा खो खो हसत. माझ्या मनात यायचं, सरलं असतं हे तेल दोन वर्षं आधी तर काय बिघडलं असतं.

आता विहिरीचं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच घडलं. आमची विहीर समाईक होती, आबांची आणि त्यांचे थोरले चुलतभाऊ अण्णा यांची. दोघांचेही पानमळे तिच्याच पाण्यावर. नागवेल फार लाडकी, उन्हाळ्यात तिला चार दिवस पाणी चुकवलं की पानं मान टाकतात. मोटेच्या काळात दोन्ही घरांचं मनुष्यबळ एका धावेवर, म्हणजे मोटेच्या बैलांच्या उतारावर, लागायचं, तेव्हा रोज बोलावंच लागे. मग दोघांनी आपापलं इंजिन घेतलं. कुणाचा पाइप किती खोल, यावरून वाजलं आणि मी लग्न होऊन आले तेव्हा भाऊ-भाऊ एकमेकांकडे बघतसुद्धा नव्हते. दोन इंजिनं शेजारी शेजारी ओरडायची आणि मालक तोंडं फिरवून उभे.

वैशाखात एकदा चाचा सायकलवर घाईत आले. येडशीच्या स्टेशनावर तेलाचे थोडेच डबे उतरले होते, पुढची गाडी कधी येईल ते कुणी सांगेना. ज्याला हवं त्याला चाचा आणून देणार होते. दारातूनच त्यांनी विचारलं, "बेटी, तुमच्या घरचं डिझेल?"

मी म्हणाले, "वाढलं, चाचा."

"माशाल्ला," म्हणाले आणि खूश होऊन निघून गेले.

माझ्या माहेरी घरातली वस्तू संपली असं म्हणायचं नाही, ही आईची सक्त शिकवण. मीठ वाढलं, तांदूळ वाढले, तेल वाढलं. आता ते तेल कढईतलं की इंजिनातलं, हा विचार कुणी केला होता? संध्याकाळी डबे वाटून झाले, आम्हाला एकही नाही. चाचा आधी आमच्या दारात आले, या रुसव्यात अण्णांनी तर त्यांना निरोपच पाठवला नव्हता. दोन्ही इंजिनं कोरडी पडली. चाचा कपाळाला हात लावून ओट्यावर बसले. "कुंकू वाढतं, बांगडी वाढती, ते मला ठाव हाय. डिझेल बी वाढतं?" आबा रागावले नाहीत, नुसते पानमळ्याकडे बघत राहिले. तेच मला जास्त लागलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मोट काढा," चाचा म्हणाले. आबांनी नजर पायाकडे वळवली. चाचांनीही बघितलं. आबांच्या पायांत नवीकोरी जाड वहाण होती आणि तिचं चामडं कुठून आलं होतं ते सांगायची गरज उरली नाही. बैल तेवढे होते. तिकडे अण्णांनी मोट जिवापाड जपली होती, बैल मात्र कधीच विकले होते. चाचा हसायला लागले ते थांबेनात. "एकाकडं बैल, एकाकडं मोट. आता कोण जातो बोला."

चूक माझी होती, म्हणून मीच गेले. अण्णा दारातच उभे होते. मी पदर सावरून म्हणाले, "आमचे बैल आहेत, तुमची मोट द्या. दोन्ही मळे जगतील."  अण्णा आत जाऊन मोट खांद्यावर घेऊन आले आणि म्हणाले, "त्याला म्हणावं, बैल न्हाणून आण. माझी मोट घाणीत न्हाय जायची."

पहिले दोन दिवस सगळा कारभार चाचांच्या तोंडून. दोघं हातभर अंतरावर उभे, तरी अण्णा म्हणत, "चाचा, त्यास्नी सांगा, बैल दमानं हाणा." आबा म्हणत, "चाचा, त्यास्नी सांगा, बैल माझं हायती." तिसऱ्या दिवशी सोंदूर, मोटेच्या सोंडेचा दोर, तुटायला आला. आबा ओरडले, "अण्णा, सोड, हात जाईल." अण्णांनी सोडला. त्यानंतर चाचांना कुणी मध्ये घेतलं नाही. पाचव्या दिवशी दोघं एका भाकरीवर जेवले. वेली हिरव्या होत्या.

सातव्या दिवशी तेल आलं. चाचांनी दोन्ही इंजिनं उघडली, हलवली, वास घेतला आणि मान हलवली. "तेल फवारायची नोझल गेली. बंद राहून जाम झाली. सोलापूरहून आणावी लागतील, आठ दिवस तरी." दोन्ही इंजिनांना एकाच दिवशी एकच आजार. आबा आणि अण्णांनी एकमेकांकडे बघितलं आणि पुन्हा मोटेकडे गेले.

दुसऱ्या दिवशी मी चाचांचा जेवणाचा डबा घासायला घेतला. झाकण उघडलं तर फडक्यात गुंडाळलेली दोन नोझल, लख्ख पुसलेली. मी वर बघितलं तर चाचा समोर उभे.

"बेटी," ते हळूच म्हणाले, "इंजिनाबद्दल म्या आजवर खोटं बोललो न्हाय. हे पयलं."

"का पण, चाचा?"

"ही दोन्ही इंजिनं ह्या हातांनी बसवली. तेल सरल्यावर मानसं आपसूक येतील एकमेकांकडं, त्याची फिकीर न्हाय मला. तेल हाय तवर काय करायचं, ते समजत न्हाय."

मी फडकं पुन्हा गुंडाळलं आणि त्यांच्या पिशवीत ठेवलं. डोळे भरून आले होते. धुराचं निमित्त करायला चूलही पेटलेली नव्हती.

आठ दिवसांनी चाचांनी एका इंजिनात 'नवीन' नोझल बसवलं. ते दुसऱ्या इंजिनाकडे वळले तेव्हा अण्णा म्हणाले, "एकच चालू करा. पाळी लावू आमी दोघं." चाचा बराच वेळ उगाच एक घट्ट बोल्ट आणखी घट्ट करत बसले.

दोन हिवाळ्यांनंतर चाचा गेले. कबरस्तानापर्यंत आबा आणि अण्णा दोघांनी त्यांना खांदा दिला. मला वाटलं, आता तरी आबांना खरं सांगावं, आपल्या मनावरचं ओझं तरी उतरेल. परत आल्यावर त्यांना पाणी दिलं आणि डब्यातल्या नोझलांची सगळी गोष्ट सांगितली.

आबा पाणी प्यायले, तांब्या खाली ठेवला.

"पोरी, नोझल काढायला आमाला येत न्हाय व्हय? चाचा जाम झाली म्हणाला, त्याच दिशी दोघांनी इंजिन उघडून बघितलं होतं. जागा रिकामी, जाम झाली असती तर तिथंच अडकली असती. अण्णा म्हणाला, चाचानं न्हेली. म्या म्हणलं, न्हेऊ दे. आन् झाकण लावून पुन्ना मोटंवर गेलो."